पपईच्या देठाची पिपाणी

सुदर्शन भांडायला आला होता, हे आधीच सांगून ठेवते. नाहीतर आजकालच्या पोरींना वाटतं, प्रेम म्हणजे कुणीतरी फूल घेऊनच दारात उभं राहतं.

कोथरूडला आमच्या शेतावर आता सोसायटी आहे. तळमजल्याच्या दोन खोल्या आमच्या. तिथे माझी नात तेजस्विनी लहान मुलांचा वर्ग चालवते. श्रावणातली सकाळ होती, बाहेर भुरभुर पाऊस, आत वीस पोरं डबे बडवतायत, आणि मी दाराशी लसूण सोलत बसलेली. तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरचा नवा भाडेकरू, हा सुदर्शन, जिना उतरून आला. गळ्यात हेडफोन, पायात घरातल्या चपला.

"अहो मॅडम, काय करून राहिल्या तुम्ही? माझी मीटिंग सुरू आहे."

"आवाज शिकवतेय," तेजू म्हणाली.

"तो शिकवावा लागते का? येऊनच राहिला ना... तिसऱ्या मजल्यापर्यंत."

तेजूने त्याच्या हातात एक डबा दिला. तोंडावर फुगा ताणून बांधलेला, वर तांदळाचे चार दाणे. "याच्याजवळ तोंड न्या आणि 'आ' म्हणा. फुंकू नका. भांडायला आलायत, आवाज असेलच."

पोरं डबे सोडून भोवती जमली. त्याने 'आ' केला... आणि दाणे टुणटुण उडायला लागले.

"दिसला आवाज?" तेजूने विचारलं.

त्याने दाण्यांकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. आणि जरा जास्तच वेळ पाहिलं.

"मीटिंग आहे ना रं तुझी?" मी म्हटलं.

"हो आजी... जातो," म्हणाला, आणि तिथेच उभा.

मग तो रोज अकराला खाली. कधी रिकामे डबे, कधी रबरबँडचं पाकीट. वाशीमचा पोरगा, आईबाप तिकडे शेती करतात, हा इथे संगणकात डोकं घालून बसतो. एके दिवशी तेजूने पाण्याचे ग्लास मांडले, कमी-जास्त भरलेले. "चमच्याने वाजवलं तर जाड आवाज कुठला येईल?" याने छाती काढून रिकाम्या ग्लासावर बोट ठेवलं. पाच वर्षांच्या निकिताने भरलेला वाजवून दाखवला आणि म्हणाली, "काका, तुम्ही नापास."

"टीचरनं पुन्हा शिकवलं तर पास होईन," तो म्हणाला.

"फी जास्त पडेल," तेजू म्हणाली, आणि पाठमोरी झाली. पण समोर खिडकीची काच होती. हसू मला दिसलं. त्यालाही दिसलं असणार, कारण त्याच्या हातातला चमचा पडला.

माझी अडचण वेगळीच होती. विश्रांतवाडीच्या हिंमतरावांना मी शब्द देऊन बसले होते. रविवारी ते मुलाला घेऊन तेजूला बघायला येणार. तिचे आईबाप दोघं नोकरीला जातात, घरातला शब्द माझा, आणि माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ. नंतर हिंमतराव फोनवर म्हणाले, "लग्नानंतर वर्ग बंद. आमच्या सुना डबे वाजवत नाहीत." मी ऐकून घेतलं. तेजूला सांगितलं. तेव्हापासून तिच्या ताटातली भाकरी अर्धी राहू लागली.

गुरुवारी सुदर्शनला गाठलं. "आमच्यात सोयरीक मोठी माणसं बोलतात. तुझी मोठी माणसं वाशीमला. तवा काही बोलायचं असंल तर शनिवारपर्यंत माझ्यासमोर, तुझ्या तोंडानं. मेसेज-बिसेज चालणार नाय."

त्याने मान डोलावली.

शनिवारी वर्गात पपईच्या देठाची पिपाणी होती. ती मी शिकवली. शाळा चौथीत सुटली, पण ही विद्या सुटली नाही. पपईच्या पानाचा देठ पोकळ असतो. एक टोक बंद ठेवायचं, त्या टोकापाशी बारीक उभी चीर द्यायची, चीक धुऊन काढायचा, मगच तोंडात धरायचं. पोरांचे देठ तेजूने एकेक करून धुतले. सुदर्शनचं चित्त थाऱ्यावर कुठलं? माझ्यासमोर काय बोलायचं तेच मनात घोळवत त्याने न धुता फुंकली. वाजली झकास, म्हशीसारखी. पोरांनी टाळ्या पिटल्या. आणि थोड्याच वेळात त्याचे ओठ वड्यासारखे फुगले.

तसाच तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. "आ... ई... वी..." डोळ्यांत पाणी, 'आजी, मी' एवढंही धड निघेना.

"वाशीमला पपई नसती का?" मी म्हटलं. "उद्या पाहुणे येणार. आता काय करतो?"

तो हात जोडून नुसता बघत राहिला. मी वळणार, तेवढ्यात तेजू ओले हात ओढणीला पुसत पुढे आली.

"आजी, त्यांचं तोंड बंद आहे. माझं नाही."

खोलीत पिपाण्या थांबल्या.

"मला हे आवडतात. आणि हे नसते तरी वर्ग बंद करून मी कुठेच गेले नसते. उद्या मी चहा घेऊन बाहेर येणार नाही. तुझा शब्द मोडतोय... ठाऊक आहे मला."  मान ताठ.

तिच्याहून कितीतरी लहान असताना माझं लग्न ठरलं, तेव्हा मी भाताच्या चिखलात उभी होते. मला संध्याकाळी कळलं.

मी फोन उचलला. "हिंमतराव, उद्या येऊ नका. पोरगी नको म्हणती."

"पोरगी? आणि तुम्ही ऐकलंत?"

"रोज वीस पोरं ऐकतात तिचं. मी का ऐकू नये?"

फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा शब्द मागे घेतला, आणि मान खाली गेली नाही. सुदर्शनला तुपाची वाटी दिली, ओठांना लावायला. तेजूने ती त्याच्या हातातून काढून घेतली, तूप बोटावर घेतलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीकडे तोंड केलं. एवढं कळतं मला.

मग त्याच्याकडून वाशीमचा नंबर घेतला. त्याला काही सांगता येणार नव्हतंच. आजवर सगळ्या कोथरूडने त्या पोरीला माझी, सोजरबाईची, नात म्हणून ओळखलं. पलीकडून त्याच्या आईने विचारलं, "कोण बोलतंय?"

मी पदर सारखा केला आणि म्हटलं, "मी तेजस्विनीची आजी."