बदलून आलेली डिस्क

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर सोडून द्या. पण हे माझ्या घरात घडलंय. रविवारी, भर दुपारी, पुढच्या खोलीत.

आईचा आवाज माझ्याकडे एकाच हार्ड डिस्कवर होता. आजारपणात ती हाक मारायची, "ठमे, पाणी दे गं." तेही मी रेकॉर्ड करून ठेवलेलं. ती गेल्यावर तेवढंच उरलं होतं.

डिस्क दिली दादाने. सख्खा भाऊ, त्यात कॉम्प्युटरचं दुकान. "डोळे झाकून घे. ही कंपनी दगा देत नाही."

वर्षही झालं नाही, आणि आतून आवाज यायला लागला...

टक... टक...

मग डिस्क कॉम्प्युटरवर दिसेचना. दादाला म्हटलं, "काहीही कर, पण आईचा आवाज काढून दे."

काही दिवसांनी स्वारी हसत आली. हातात चकाचक डिस्क! "वॉरंटीत बदलून मिळाली!"

"आणि आईचा आवाज?"

त्याने मान खाली घातली. "तो काढायला डिस्क खोलावी लागते गं. खोलली की वॉरंटी जाते. म्हणून जुनी परत दिली..."

मला न विचारता! सख्ख्या भावाने केसाने गळा कापला. मी त्याला दारातूनच घालवला.

डिस्क टेबलावर तशीच पडली. वायरसुद्धा लावली नाही.

जेवून जरा आडवी झाले होते...

टक... टक...

पंखा बंद केला. तरी येतच होता.

डिस्कमधून.

आई! मी धावत जाऊन कान लावला. आतून थकलेला आवाज आला...

"सोन्या... पाणी दे रे."

ही माझी आई नव्हती.

दादाला फोन लावला. तो म्हणाला, "नवी कुठली गं... परत आलेल्याच डिस्क कंपनी पुसून, दुरुस्त करून देते. धंद्यात सगळ्यांना माहितीये."

सगळ्यांना! फक्त मला सोडून.

ती बाई अजून हाक मारते. राहवत नाही, मी डिस्कपाशी पेला भरून ठेवते. संध्याकाळी तो रिकामा असतो...

पण माझी आई कुणाच्या घरी आहे?

तुमच्याकडे अशी बदलून आलेली डिस्क असेल, तर एकदा कान लावून बघा. "ठमे" अशी हाक आली, तर आधी तिला पाणी द्या.

मग मला कळवा.