वीतभर झडप

माझ्या नवऱ्याचे, निषादचे काका, दयानंद, म्हणजे मध्ययुगीन फ्रान्सच्या इतिहासातलं मोठं नाव. फ्रेंच सरकारचं पदक, मानद पदव्या, सत्काराच्या शाली तर विचारू नका. त्यातलीच एक ते पुण्यातल्या कार्यक्रमात विसरले, ती द्यायला मी कोळवणला गेले. पहिल्यांदाच जातेयस म्हणून सासूबाईंनी साडी नेसायला लावली. मला पाठवण्याचं खरं कारण वेगळं होतं. शेवटच्या पुस्तकासाठी काकांना घरात राहून मदत करणारं कुणी हवं होतं, आणि माझी इतिहासाची पदवी निषादने परस्पर देऊ केली होती.

काकांची सगळी कीर्ती एका विषयावर: चर्चच्या भिंतीलगत स्वतःला चिणून घेणाऱ्या बायका. जेवणापुरती खिडकी, बाकी भिंत. आतला वास, आतली थंडी, सगळं त्यांनी असं लिहिलं होतं की विद्वानही विचारायचे, हे यांना कळलं कसं?

दिवाणखान्यात पदकं होती. शाल एकही नव्हती.

"शाली कुठे ठेवता, काका?"

"तिला थंडी वाजते," म्हणाले आणि चहा ढवळत राहिले.

तिला म्हणजे कुणाला? काकांच्या पत्नी, शारदाकाकू, तर केव्हाच माहेरी गेलेल्या. अंगणात भांडी घासणाऱ्या फुलाबाईंना विचारलं.

"गेल्या म्हनं. यष्टीत बसताना कुनी बघितलं न्हाई."

दुपारी काका आडवे झाले. अभ्यासिकेच्या भिंतीत वीतभर झडप होती. मी आधी बाहेरून पाहून आले: सपाट भिंत, तिला लागून भातखाचर. मग आत येऊन झडप उघडली.

ओल्या चुन्याचा वास. काळोख... आणि हिरव्या बांगड्यांचे हात, ओंजळीत तांदूळ.

नव्या नवरीचं डोकं चालायच्या आधी पदर पुढे होतो. लग्नापासून जाईन तिथे बायका माझी ओटीच भरत होत्या. तांदूळ पदरात पडले. सवयीनेच मी चिमूटभर दाणे त्या ओंजळीत परत ठेवले.

"परत ठेवलेस ना?" मागे काका उभे होते. "दाणे ठेवले की परत येणं होतं, सूनबाई."

शाल टेबलावर टाकून मी निघाले.

"मी तिकडे राहायला जाणार नाही," घरी येऊन निषादला सांगितलं.

"बरं, नको जाऊस." इतक्या सहज, की मलाच शंका आली.

आज सकाळी भूगावच्या आमच्या फ्लॅटमध्ये, पलंगामागच्या भिंतीवर वीतभर ओला चौकोन उमटलाय. चौथा मजला, पलीकडे नुसती हवा. गळती असेल, असं निषाद म्हणतो, माझ्याकडे न बघता.

चौकोनाखाली ती शाल आहे, नीट घडी घातलेली.

आणि मला थंडी वाजतेय...