दोघांचा, दारातला फोटो

मोबाईल बाजूला ठेवा आधी. तोंडावर उजेड पडला की ऐकणाऱ्याचं लक्ष उडतं आणि सांगणाऱ्याचा हुरूप जातो. हां, आता बरं.

माझं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं, हे तुम्हाला माहीत आहे. त्याला लागून एक फोटो स्टुडिओ होता, तो तुम्ही पाहिला नसेल. आता तिथं चष्म्याचं दुकान आहे. त्या स्टुडिओवाल्यावर आलेला हा प्रसंग. त्याला सगळे रिळ्या म्हणायचे, कारण सगळं जग डिजिटल झालं तरी हा पठ्ठ्या कॅमेऱ्यात रीळ भरायचा. त्याच्या तोंडून ऐकलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

रिळ्यानं चाळीस वर्षं माणसांना निळ्या पडद्यासमोर स्टुलावर बसवलं. हनुवटी जरा खाली, कान दिसू द्या, झालं. पोट त्यावर भरलं, मन काही भरलं नाही. म्हणून वर्षातून एकदा, थंडीत, तो स्टुडिओला कुलूप लावायचा आणि कुठल्यातरी परक्या गावी जाऊन रस्त्यावरची माणसं टिपत फिरायचा. केस कापणारा, ओझं उतरवणारा, दारात बसून नुसता रस्ता बघणारा. बायको होती तेव्हाही एकटाच जायचा. ती गेली, मुलगी लांब. रविवारी मुलीचा दहा मिनिटं फोन, बाकी सहा दिवस तो आणि घर एकमेकांकडे बघत बसलेले. स्टुडिओच्या मागच्या दोन खोल्यांतच राहायचा तो.

गाव ठरवायचं काम आम्ही दोघं मिळून करायचो, माझ्या काउंटरवर नकाशा पसरून. त्याचं एक शास्त्रच होतं. जिथं बघण्यासारखं काही आहे, ते गाव बाद. "तिथली माणसं पाहुण्यांकडे बघून हसायला शिकलेली असतात रे." मोठा रस्ता पूर्व-पश्चिम हवा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ ऊन तिरपं येतं, चेहरे उजळतात. घरांची दारं थेट रस्त्यावर उघडणारी हवीत. आठवड्याचा बाजार हवा. आणि एकदा गेलेल्या गावी पुन्हा जायचं नाही.

"का रे?" मी एकदा विचारलं.

"ओळख झाली की माणूस कॅमेऱ्यासमोर अवघडतो."

हे त्यानं सांगितलेलं कारण. खरं कारण मला ठाऊक होतं. ज्याचा फोटो काढायचा तो विचारायचा, आम्हाला मिळेल ना? हा म्हणायचा, "मिळेल की! पत्ता सांगा, पाठवतो." वहीत पत्ता उतरवून घ्यायचा, वर स्वतःचं कार्ड द्यायचा. आणि पाठवायचा नाही. एकही नाही. माणूस वाईट नव्हता. आज करू, उद्या करू, असं करत राहून जायचं. मग त्या गावी पुन्हा जायला तोंड कुठलं असणार?

तर त्या वर्षीची गोष्ट. जानेवारी महिना, आठ तारीख, सोमवार. गाडी दोन गावांवर अडली होती. एक बंदराचं, एक यंत्रमागांचं. रिळ्याला बंदराचं ऊन हवं होतं, मला वाटत होतं यंत्रमागांच्या गावात माणसं जास्त रस्त्यावर असतील. आमचं काही जमेना. "उद्या बघू," म्हणून तो उठला.

त्याच रात्री स्टुडिओतला फोन वाजला. तारेचा जुना फोन, कुणी वापरायचं नाही आता. नऊ वाजून वीस मिनिटं झाली होती.

"फोटो आला नाही अजून," पलीकडून कुणीतरी म्हणालं.

म्हातारा आवाज. रागावलेला नाही. शेजारच्या खोलीतून यावा इतका जवळचा.

"कुठला फोटो?"

"दोघांचा. दारातला."

"कोण बोलतंय?"

फोन बंद.

मंगळवारी पुन्हा, नऊ वीसला. तेच वाक्य. बुधवारी रिळ्यानं पत्ता विचारला. म्हाताऱ्यानं गावाचं नाव सांगितलं आणि म्हणाला, "वखारीमागची गल्ली. निळं दार." रिळ्यानं रात्रीच वह्या उपसल्या. अकरा वर्षांपूर्वीच्या वहीत तो पत्ता निघाला. शुक्रवारी निगेटिव्ह सापडली. शनिवारी त्यानं स्वतःच्या हातानं फोटो धुतला, वाळवला, जाड खाकी पाकिटात घातला.

रविवारी तो माझ्याकडे आला आणि नकाशाची घडी घालून ठेवली. "बंदर नको, यंत्रमाग नको. जुन्या गावी जातोय."

"तू? एकाच गावी दुसऱ्यांदा?" मी हातातली सुई खाली ठेवली. त्यानं सगळं सांगितलं. मी म्हटलं, "एवढंच आहे ना, टाक पोस्टानं."

"अकरा वर्षं उशीर करून पोस्टानं? बरं दिसतं का ते?" मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "आणि खरं सांगू? नऊ वाजले की मी खुर्ची फोनजवळ ओढून बसतो. कुणीतरी रोज आठवणीनं फोन करतंय रे मला."

मी सुई पुन्हा उचलली.

निघायच्या आदल्या रात्री त्यानं फोनवर सांगितलं, "मी उद्या येतोय. फोटो घेऊन."

पलीकडून मग, "बरं. सावकाश या."

अठरा तारीख, गुरुवार. चारला पोहोचणारी बस वाटेत पंक्चर झाली. रिळ्या गावात उतरला तेव्हा साडेसहा वाजून गेले होते, ऊन गेलं होतं. वखार त्याला लगेच सापडली. तिचे पत्रे उडाले होते, फाटकाला गंजकं कुलूप होतं.

त्याला ती गल्ली चांगली आठवत होती. न्हावी रस्त्यावरच खुर्ची टाकून दाढ्या करायचा. दोन शेजारणी समोरासमोरच्या दारांतून भाजी निवडत बोलायच्या. कुणाच्यातरी सायकलच्या कॅरिअरवर मांजर झोपलेलं असायचं. एका सकाळीत त्यानं इथं दोन रिळं संपवली होती.

आता एकेका दाराला कुलूप. वखार बंद पडली तशी माणसं पांगली असणार. त्याच्या गळ्यात कॅमेरा होता आणि समोर काढण्यासारखं एक माणूस नव्हतं. स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकत तो शेवटपर्यंत गेला. निळ्या दाराचा निळा रंग बिजागरीपाशी तेवढा उरला होता. आत दिवा होता.

त्यानं कडी वाजवली. एका म्हातारीनं दार उघडलं.

"मी फोटोवाला. अकरा वर्षांपूर्वी इथं..."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "फार उशीर केलात हो," म्हणाली. "या आत."

आतली खोली अंधारी, बाहेरच्या खोलीत एक खुर्ची, एक बाक. रिळ्या बाकावर टेकला. "काका कुठे आहेत?"

"हे? यांना जाऊन सात वर्षं झाली."

रिळ्याला तहान लागली होती, ती गेली. त्यानं विचारलं, "आजी, घरात फोन आहे का?"

"फोन? मी कुणाला करू?"

त्यानं पिशवीतून पाकीट काढून तिच्या हातात दिलं. तिनं ते उलटसुलट करून पाहिलं. "वर काय लिहिलंय?"

"पत्ता. तुमचाच."

"हे असते तर वाचून दाखवलं असतं. मी आपली अंगठेबहाद्दर." तिनं फोटो बाहेर काढला आणि दिव्याखाली धरला.

म्हातारा उंबऱ्यात खुर्चीवर ताठ बसलेला, हात गुडघ्यांवर. मागे ती उभी, एक हात खुर्चीच्या पाठीवर.

"अगंबाई, मी हसतेय की!" ती म्हणाली. "यांनी बजावलं होतं, हसू नकोस, फोटो बिघडेल." मग तिनं फोटो आणखी जवळ धरला. "यांचा दुसरा एकही फोटो नाही हो घरात. आठवायला बसते ना, तर आवाज आठवतो. चेहरा येत नाही. दोन वर्षं झाली, चेहरा येतच नव्हता."

रिळ्यानं मान खाली घातली.

"पोस्टमन गल्लीत शिरला की हे उठून दारात. शेवटी-शेवटी उठवत नव्हतं तरी. मी म्हणायची, अहो, विसरला असेल तो. तर म्हणायचे, नाही, पाठवतो म्हणालाय. आणि रोज एकच. फोटो आला नाही अजून."

हे वाक्य तिनं त्याच चालीत म्हटलं. शब्दांमधली थांबायची जागासुद्धा तीच.

परतीची बस सकाळी होती. म्हातारीनं त्याला जाऊ दिलं नाही. दोघं जेवली. तिनं बाहेरच्या खोलीत त्याचं अंथरूण घातलं, रजई दिली, आणि फोटो आणि पाकीट घेऊन आत गेली. दार नुसतं लोटून घेतलं. दिवा घालवला.

रिळ्याला झोप येईना. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं. त्यानं मनगट डोळ्यांजवळ आणलं. ते घड्याळ मीच दुरुस्त केलेलं, काटे अंधारात चमकायचे.

नऊ अठरा.

त्याला वाटलं, आपल्याकडे आता फोन वाजेल. रिकाम्या घरात वाजत राहील.

नऊ एकोणीस.

नऊ वीस.

आतल्या खोलीत खाट करकरली. म्हातारी कुशीवर वळली असेल...

मग पावलं. दोन. तीन. सावकाश, ओढत टाकलेली.

म्हातारी पायानं हलकी होती. ही पावलं जड होती.

पावलं थांबली.

"आला का?"

तोच आवाज. फोनवरचा. शेजारच्या खोलीतून यावा इतका जवळचा... आणि आता तो शेजारच्याच खोलीतून येत होता.

रिळ्या कोपरावर उठला.

"आला हो," म्हातारी म्हणाली. साधं, रोजचं बोलावं तसं.

"बघू."

कागद सळसळला. मग काही नाही. खूप वेळ... काहीच नाही. अंधारात फोटो बघायला माणसाला किती वेळ लागतो?

दार नुसतं लोटलेलं होतं. हात लांब केला असता तर ढकलता आलं असतं. त्यानं हात रजईत ओढून घेतला.

"झोपा आता," म्हातारी म्हणाली.

उत्तर आलं नाही.

भीती तर वाटलीच, रिळ्या मला म्हणाला. पण त्याहून एक वेगळंच वाटलं, ते कुणाला सांगता येणार नाही. आतल्या खोलीत दोघं होती. बाहेर मी एकटा होतो.

उजाडलं तेव्हा म्हातारी चहा घेऊन आली. आतल्या फळीवर फोटो उभा करून ठेवलेला दिसत होता. खोलीत एकच खाट होती.

"रात्री कुणाशी बोलत होतात, आजी?"

"ऐकू आलं होय?" ती ओशाळली. "यांच्याशी. रोजचंच आहे. मीच विचारायचं, मीच हो म्हणायचं. दुसरं कोण आहे बोलायला?"

आपण काय ऐकलं ते रिळ्यानं तिला सांगितलं नाही. सांगावं की नाही, हे त्याला शेवटपर्यंत उमगलं नाही. निघताना त्यानं कॅमेरा उचलला. "तुमचा एक काढू का? दारात?"

"नको," ती म्हणाली. "एकटीचा नको."

मग आत जाऊन तिनं ते खाकी पाकीट आणलं आणि त्याच्या पिशवीत कोंबलं. "घेऊन जा. चांगलं जाड आहे, कुणाला फोटो पाठवायला होईल."

त्यानंतर नऊ वीसचा फोन आला नाही. रिळ्या बरेच दिवस खुर्ची ओढून बसायचा. नऊ वीस व्हायचे, नऊ पंचवीस व्हायचे, मग उठायचा. मी कधीकधी दुकान बंद करून त्याच्याकडे जाऊन बसायचो, पण माझं बसणं म्हणजे ते नव्हे.

त्यानं सगळ्या वह्या काढल्या, सगळे फोटो धुतले आणि पाठवायला सुरुवात केली. निम्मे परत आले. माणूस राहत नाही, घर पाडलं, पत्ता सापडत नाही. जे परत आले ते घेऊन तो स्वतः निघायचा, दर थंडीत, जुन्याच गावांना. नकाशा पुन्हा कधी काउंटरवर आला नाही. गेल्या साली तो गेला, तेव्हा सहा का सात पाकिटं उरली होती. ती माझ्याकडे आहेत.

आणि आणखी एक पाकीट आहे.

गावाहून आल्यावर तिसऱ्या दिवशी तो माझ्या दुकानात आला. पिशवी झटकताना ते खाकी पाकीट पडलं होतं, ते त्यानं काउंटरवर ठेवलं. वरच्या बाजूला त्याच्या अक्षरातला पत्ता. त्यानं ते पालथं केलं.

मागे पेन्सिलीनं लिहिलं होतं. म्हातारं, थरथरतं, जुन्या वळणाचं अक्षर. मी भिंग डोळ्याला लावून वाचलं.

"१८ जानेवारी. फोटो मिळाला. ही हसली होती, हे मला दिसलं नव्हतं."