निळ्या फितीची दुसरी बाजू

"सोमनाथकाकांनी पप्पांची शेवटची कॅसेट पुसली, असं घरात म्हणतात," ज्योत्स्ना म्हणाली. "मला पटत नाही. पण खोटंही ठरवता येत नाही."

पाटोद्यातल्या त्या खोलीत भिंतभर कॅसेटी होत्या. इथेच ज्योत्स्नाच्या वडिलांनी, जीवनरावांनी, 'निळी फीत' ही इलेक्ट्रॉनिक संगीताची कंपनी काढली. गिरणीची धडधड, हातपंपाची किरकिर यंत्रात घालून ते ताल रचत. पुढे सगळं इंटरनेटवर गेलं, तरी प्रत्येक रचनेचं पहिलं रेकॉर्डिंग कॅसेटवरच. शेवटचं येत्या जयंतीला निघायचं होतं.

"तुमचं त्यांच्याशी शेवटचं बोलणं?" गुप्तहेर चैतालीनं विचारलं.

"फोनवर. म्हणाले, 'आलीस की आवाज दे.' मी पोचले, तेव्हा उशीर झाला होता."

चुलतभाऊ आदिनाथनं घरच्या टेपवर कॅसेट लावली. एका बाजूला नुसती खरखर. उलटली, तर चमत्कारिक आवाज.

"ऐका!" तो म्हणाला. "अर्धी पुसली, अर्ध्यात भुताटकी. जीवनकाकांशी भांडलता सोमनाथ. आता ह्या खोलीत पाय ठेवू देणार न्हाई त्याला."

चैतालीचा मदतनीस जालिंदर कान देऊन म्हणाला, "ताई, भूत भित्रं हाय. हळूहळू येतंय अन् एकदम पळतंय."

"वा, जालिंदर!"

कशासाठी शाबासकी, ते त्याला कळलं नाही.

ऑक्टोपॅड वाजवणारा सोमनाथ उंबऱ्यावरच बसला होता. "भांडलतो. माझ्याबिगर रेकॉर्डिंग केलं त्यांनी. म्हनलं, दादा, मला कावून वगळलं? तर हसले. 'तुझी जागा हाय बे,' म्हनले. कुठं हाय जागा?"

"मला मात्र बसवलं," ज्योत्स्नाची आई सरूबाई म्हणाल्या. "परात पुढं, माईक जवळ. 'भाकरी थाप.' म्हनलं, येडं लागलंय का तुमाला?"

चैतालीनं कोपऱ्यातल्या चादरीचं टोक उचललं. खाली रेकॉर्डिंगचं यंत्र, एका ओळीत चार सरकती बटणं.

"त्यांचं हाय," सरूबाई म्हणाल्या. "ते गेल्यापासून कुनाला हात लावू दिला न्हाई."

चैताली वळली. "कॅसेट कुणीही पुसलेली नाही. भाकरीची थाप एकदम पडते आणि विरत जाते. जालिंदरचं भूत वाढत येतं आणि तुटतं. म्हणजे आपण थापच ऐकली, पण उलटी. फितीवर आवाजाचे चार पट्टे असतात; साधा टेप एका बाजूला दोन वाचतो, कॅसेट उलटली की उरलेले दोन, उलट्या दिशेनं. हे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेनं भरतं. मावशी, तुम्ही दुःखानं ते झाकलंत, म्हणून कॅसेट भलत्याच टेपवर लागली."

"मग दोन पट्टे कोरे कशे?" आदिनाथ अडून बसला.

"'तुझी जागा हाय.' एक सोमनाथचा."

"अन् दुसरा?"

चैताली ज्योत्स्नाकडे बघत राहिली. "'आलीस की आवाज दे.' तुम्हाला वाटलं, हाक मार म्हणताहेत."



चादर सरूबाईंनीच काढली. यंत्रातून थापा आल्या, सरळ, दमदार. मधेच त्यांचंच हसू. "बया! हे बी घेतलं व्हय!" म्हणत त्यांनी पदर तोंडाला लावला.

आदिनाथनं खाली बघत ऑक्टोपॅड उचलून आणला. "काका, आत या. वायर कुठं लावायची?"

"त्या भुताला इचार," सोमनाथ म्हणाला, आणि आत आला.

त्याचा ठोका बसला. मग ज्योत्स्ना माईकजवळ सरकली.

"पप्पा," ती म्हणाली, "आलेय."