नावाची जागा

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर अहेरीत कुणालाही विचारा. फक्त नवाबला विचारू नका.

सत्त्याऐंशीचा उन्हाळा. बाजाराच्या मागे नवाबचं कॅसेटचं दुकान होतं. मांडीवर आडवी गिटार घेऊन तो तारांवरून पोलादी कांडी फिरवायचा. सूर असा घसरत जायचा, की शेजारचा टेलर म्हणायचा, "नवाबभाऊ, हिले दवाखान्यात ने. कण्हून राह्यली."

नवाबला त्याच सुरांवर इकडच्या गाण्यांची कॅसेट काढायची होती. भातरोवणीची, बांबूतोडीची गाणी भरून झाली. नागपूरची कंपनी म्हणाली, शेवटचं गाणं असं द्या, की गिऱ्हाईक रडलं पाहिजे.

रडायचं म्हटलं की ठमाबाई. मयतीच्या घरी तिच्याइतकं सुरात कुणी रडत नसे. मेलेल्याचं नाव घेऊन हाक मारायची, थांबायचं, पुन्हा हाक.

पण तिचा लेक वारलू दिवाळीनंतर बांबू तोडायला गेला, तो परतलाच नव्हता. ती रोज त्याचं ताट वाढत होती.

"मयत नसताना रडाचं नसते," ती म्हणाली. "ज्याचं नाव घेतलं, तो गेलाच समजाचं."

"मंग नाव नोका घेऊ. तेवढी जागा मोकळी सोडा. कॅसेट गावोगावी वाजन, ठमाबाई. वारलू जिथी असन तिथी आयकन."

यावर ती तयार झाली.

भर दुपारी, भिंतींना गोणपाट ठोकून, पंखा बंद करून रेकॉर्डिंग झालं. नावाची जागा आली की ती थांबे. नवाबही कांडी उचलून धरी.

ती गेल्यावर त्याने टेप लावली.

"येगा माह्या..."

मग शांतता...

आणि त्या शांततेत...

"ओ, माय."

आवाज वारलूचा. दुकानाच्या पायरीवर बसून फुकट गाणी ऐकणाऱ्या वारलूचा.

प्रत्येक मोकळ्या जागेत तेच. दरवेळी थोडं जवळून...

म्हातारीला हे कोणत्या तोंडाने ऐकवायचं? नवाबने त्या सगळ्या जागांवर गिटार भरून टाकली. दयाच केली म्हणा. कंपनीला नेमकं तेच आवडलं. जंगल कण्हतंय, म्हणाले.

कॅसेट निघाली. ठमाबाईने दुकानात बसून ती शेवटपर्यंत ऐकली.

"आन् वारलू कुठी गेला?"

नवाबच्या हातातली कांडी खाली पडली.

"त्यानं मले ओ देल्ली होती. गाता गाता आयकली म्या. पुन्हा आयकाले आली."

नवाब वाकून कांडी शोधू लागला.

"तेवढाच उरला होता माहा लेक," ती उठत म्हणाली. "तोही पुसला तुनं?"

ती पुन्हा त्या दुकानात आली नाही.

त्यानंतर नवाब रोज दुकान बंद करताना कोरी कॅसेट लावायचा, बटण दाबायचा, हाक मारायचा, "वारलू..."

थांबायचा. मग ऐकायचा.

टेपवर वारलूची ओ कधीच आली नाही.

नवाबची हाकसुद्धा आली नाही...