चाळण कुणाची?

"गळाली! पुन्हा गळाली!" बेनिल्दो कंबरभर पाण्यात नाचायलाच लागला. "एडिल्सा, ही टोपली नाही गं, चाळण आहे चाळण! मासे धुवायला घे!"

एडिल्साने टोपली वर उचलली. बुडातून बारीक धार लागली होती. चुंगा नावाच्या ताडाचे धागे सोलून, रंगवून तिने ती विणली होती. एम्बेरा लोकांच्या या गावात मुलीची टोपली आधी नदीत बुडवून बघतात. पाणी थांबलं तर ती टोपली. नाही तर उसवा आणि पुन्हा बसा!

"तू एक तरी विणून दाखव, मग दात काढ!" एडिल्सा आपल्या मामेभावावर खेकसली. "आई, बघ ना, कुठे चुकतंय माझं?"

काठावर बसलेल्या आईने मान वर केली नाही. तिच्या मांडीवर गरुडाच्या नक्षीची काळी-पांढरी टोपली होती आणि ती शेवटचे टाके घालत होती. "आता मावशीला विचारत जा. तुमची शाळा सुरू झाली की मी शहरात चालले. धोबीकामाच्या कारखान्यात बोलावलंय. आपल्या टोपल्यांकडे कुणी ढुंकून बघत नाही, मग विणत बसून तुम्हाला खायला काय घालू?"

धाकट्या भावाचे, तितोचे डोळे भरून आले. एडिल्सा तरातरा काठावर आली.

"पण का बघत नाहीत? मागच्या सुट्टीत तर पाहुणे हातातून ओढून नेत होते!"

उत्तर मिळायच्या आत वळणावर मोटरचा आवाज आला. पाहुण्यांच्या होड्या!

पहिल्या होडीतून रोहेलियो उतरला. हा शहरातला गाइड या सुट्टीपासूनच येऊ लागला होता. अंगात कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट आणि तोंडात सतत हुकूम.

"ए जर्सीवाल्या!" तो एका पोरावर ओरडला. "काढ ती! पाहुण्यांना जंगल बघायचंय, फुटबॉल नाही. नाचा, हसा आणि तोंडं बंद! त्यांच्याशी एक शब्द बोललात तर उद्यापासून पाहुणे दुसऱ्या गावाला नेईन!"

मोठी माणसं मुकाट्याने ढोल वाजवायला लागली. आता तुम्हीच सांगा, आपल्याच गावात आपणच तोंड शिवून बसायचं, हा कुठला न्याय?

नाच झाला. पानांच्या द्रोणातून तळलेला मासा आणि कच्च्या केळ्याचे काप खाऊन झाले. मग पाहुणे टोपल्यांपाशी आले. त्यांचे डोळे चमकले, हात पुढे झाले... आणि चटका बसावा तसे मागे गेले! हसून, मान लववून सगळे पुढे सरकले.

"ताई," तितो कुजबुजला, "त्या आजींच्या पिशवीत टोपली आहे. टोपीवाल्या काकांच्या पण. सगळ्यांच्याच!"

बेनिल्दोने पाहुण्यांच्या पिशव्या सावलीत नेऊन ठेवण्याचं सोंग केलं आणि धापा टाकत परत आला. "सगळ्यांवर एकच पोपट! तीच चोच, तीच शेपटी! आपल्याकडे दोन बायकांचे पोपट कधी सारखे झालेत का?"

एडिल्सा उंच खांबांवर उभ्या घराखाली दडून कान देऊन ऐकू लागली. वर रोहेलियो इंग्रजीत बोलत होता आणि शाळेतलं इंग्रजी पहिल्यांदाच कामाला आलं! तो म्हणत होता, "इथे मांडलेल्या टोपल्या पूजेच्या आहेत. किंमत विचारलीत तर या बायकांचा अपमान होईल. येताना बसमध्ये मी विकल्या ना, त्या यांनीच विणलेल्या आहेत."

"चोर! सरळ सरळ चोर!" तिने ऐकलेलं सांगताच बेनिल्दोच्या मुठी वळल्या.

तिघं धावत गावाच्या नोकोकडे, म्हणजे प्रमुखाकडे गेली. त्याने डोकं खाजवलं. "भांडण झालं तर पाहुणे येणार नाहीत, पोरांनो. सुट्टी संपू दे, मग बघू."

"तोवर माझी आई गेलेली असेल!" एडिल्सा ओरडली. "तुम्ही बघा सावकाश. मी आत्ताच बघते!"

तिने आईच्या चटईवरची गरुडाची टोपली उचलली आणि नदीकडे पळत सुटली.

"एडिल्सा! महिनोन्‌महिने डोळे फोडलेत मी त्यात!" आई ओरडली.

पण टोपली पाण्यात गेलीसुद्धा! काठोकाठ भरून एडिल्साने ती डोक्यावर धरली. मागोमाग धावत आलेले सगळे काठावर थबकले. एक थेंब गळला नाही.

"आईने विणली," ती पांढऱ्या केसांच्या आजींना मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाली. "आता तुमची भरा."

"तोंड बंद! काय सांगितलं होतं?" रोहेलियो धावत आला.

"नाही करणार! माझ्या आईच्या नावावर तुम्ही खोटं विकता!"

आजींनी आपली टोपली पिशवीतून काढून नदीत बुडवली. वर उचलली तर पाणी बदाबदा गळायला लागलं! लाल-निळा रंगही त्याबरोबर सुटला. रोहेलियो ती हिसकायला गेला आणि उरलेलं रंगीत पाणी त्याच्याच पांढऱ्या शर्टावर उपडं झालं!

"चाळण! शहरातली चाळण!" बेनिल्दो किंचाळला.

"मग गावातल्या टोपल्या पूजेच्या नाहीत?" आजींनी विचारलं.

"नाहीत! विकायच्या आहेत!"

हशा पिकला. आजींचा चेहरा मात्र रागाने लाल झाला. "मला फसवलंत तुम्ही. तुमच्या मालकांना मी स्वतः सांगणार!" त्यांनी रोहेलियोला सुनावलं.

नोको काठी टेकत पुढे आला. "सेन्योर, होड्या आमच्या, नदीही आमची. तुम्ही पहिल्या होडीने निघा. पाहुण्यांना आम्ही सोडू." मग तो एडिल्साकडे वळला. "आम्ही मोठे भीत बसलो, पोरी. तू भ्याली नाहीस. गावाची लाज राखलीस."

संध्याकाळी चटया जवळजवळ रिकाम्या झाल्या होत्या. गरुडाची टोपली आईने मात्र विकली नव्हती. टोपली वाळत घालताना ती म्हणाली, "बुडवलीस खुशाल! गळली असती तर?"

"तू विणलेली? गळेल असं वाटलंच नाही मला."

आईने टोपली दोरीवर नीट अडकवली. मग नाक ओढून म्हणाली, "आण ती तुझी चाळण. बूड सैल विणतेस तू. उसव सगळी. आणि शाळा सुरू झाली तरी रोज संध्याकाळी माझ्यासमोर बसून विणायचं. सबब चालणार नाही!"

"शाळा सुरू झाली तरी? म्हणजे तू..."

"उसव म्हटलं ना!"

तितोने आईच्या गळ्यात उडी मारली. एडिल्सा मांडी घालून बसली आणि हसत हसत टोपली उसवायला लागली.