धूपछाव

द्वारकाबाई भांडगे पदरावरचा शेवटचा मोर विणत होत्या. मनगटावरचं कडं हिरवं होतं, म्हणजे डोळ्याला धोका नव्हता.

येवल्यात आता कितीतरी वयस्क विणकरांच्या हातात असं कडं दिसे. द्वारकाबाईंच्या डाव्या डोळ्याची मधली नजर गेली, तेव्हा हा उपाय निघालेला नव्हता. उजव्या डोळ्यात मात्र डॉक्टर सबनीसांनी तांदळाच्या कणीएवढी कुपी बसवली होती. प्रकाश आणि प्राणवायू मिळून डोळ्याच्या पडद्यात उनाड रेणू तयार होतात आणि पेशींना जणू गंज चढवतात. तरुणपणी शरीरच त्यांना निपटून काढतं. उतारवयात ते थकतं. मग ते काम कुपी करी. तिच्यातला औषधाचा साठा संपला की कडं लाल होई. नवा साठा बनायला सहा तासांचा अंधार लागे.

भर दुपारी पैठणी मागावरून उतरली. द्वारकाबाईंनी ती उचलली आणि थेट अंगणात नेली. सासूबाईंच्या वेळेपासूनची रीत होती: धूपछाव उन्हात पाहिल्याशिवाय लुगडं गिऱ्हाइकाच्या हाती द्यायचं नाही. जांभळ्यातून हिरवा झळकला. जरीवर ऊन उसळलं. त्या पाहतच राहिल्या. कडं थरथरलं, तिकडे त्यांनी लक्षच दिलं नाही.

"अहो आई!" सून हर्षदा धावत आली. "लाल झालंय! डोळे मिटा आधी!"

"अगं, हिरवा तरी बघ कसा..."

"हिरवा मी बघते. तुम्ही आत चला."

डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "लाल झाल्यावर किती वेळ उन्हात होत्या?"

"दोनेक मिनिटं," हर्षदा म्हणाली.

"दहा तरी," द्वारकाबाई म्हणाल्या. "डॉक्टरांशी काय खोटं बोलायचं?"

डॉक्टर लगेच म्हणाले, "काळी पट्टी बांधा. सहा तासांनी चौकड्यांचा कागद दाखवा. रेषा सरळ दिसल्या, तर डोळा वाचला."

पट्टीआड द्वारकाबाई शेजारच्या मागांची खटखट ऐकत बसल्या.

"फोटो काढूनही रंग तपासता आला असता," हर्षदा पुटपुटली.

"फोटोत धूपछाव हलते का गं?" त्या म्हणाल्या. मग आवाज उतरला. "हाही गेला, तर मी मागावर बसून करू काय?"

हर्षदाने त्यांचा हात धरला, तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही.

दिवेलागणीला पट्टी सुटली. कडं पुन्हा हिरवं झालं होतं. हर्षदाने काचेच्या चौकटीत ताठ बसवलेला कागद समोर धरला. द्वारकाबाईंनी एकेक रेष वरून खाली पाहिली, अगदी ताणा तपासावा तशी. मधोमध येऊन त्या थांबल्या.

"हर्षदा, कागद चुरगळलाय का गं?"